‘मागेल त्याला काम’ नक्की कुणी मिळवलं? रोजगार हमी : पागे, बहात्तरचा दुष्काळ आणि मोर्चे

वाचनालय_कट्टा

रोजगार हमीबद्दल मराठीत जे सहज हाताला लागतं त्यात दोन कथा आहेत. एकीत वि. स. पागे यांना कल्पना सुचते, वसंतराव नाईक ती उचलतात आणि कायदा होतो. दुसरीत बहात्तरच्या दुष्काळात लोक रस्त्यावर येतात आणि सरकार नमतं. दोन्हींत काहीतरी राहून जातंय असं वाटतं. तालुक्याच्या वाचनालयातल्या अभ्यासवर्गासाठी टिपण करायचं आहे, म्हणून विचारतो :

पागे यांचा प्रयोग १९६५ चा, कायदा लागू झाला १९७९ ला. मधली चौदा वर्षं कशात गेली? मजूर नेमकं काय मागत होते? नुसतं ‘काम द्या’, की आणखी काही? आणि कायद्यातली ‘मागणी’ म्हणजे प्रत्यक्षात काय, अर्ज कुणाकडे, मुदत किती, काम नाहीच मिळालं तर पुढे काय?

गौरवगीत नको आहे. कुठे फसलं तेही लिहा.

---

पाझर

आधी कालक्रम, कारण घोटाळा तिथेच होतो.

विठ्ठल सखाराम पागे हे १९६० पासून विधान परिषदेचे सभापती. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूरला १९६५ मध्ये त्यांनी एकात्मिक क्षेत्र विकासाचा प्रयोग सुरू करून घेतला. कल्पना साधी होती. गावात ज्याच्या हाताला काम नाही त्याला ताली घालणं, नाला अडवणं, विहीर खोदणं असलं काम द्यायचं. मजुरीही मिळते आणि गावच्या जमिनीची ताकदही वाढते. हा प्रयोग बरीच वर्षं प्रयोगच राहिला. १९७२ मध्ये सरकारने ग्रामीण विकासाच्या पंधरा कलमी कार्यक्रमात रोजगार हमी योजना जाहीर केली, पण तेवढ्यात दुष्काळाने सगळं व्यापलं आणि योजना दुष्काळी कामांच्या पसाऱ्यात बाजूला पडली.

दुष्काळ एका वर्षाचा नव्हता. १९७० पासून पाऊस हात देत नव्हता आणि १९७२ ला तो बहुतेक कोरडवाहू पट्ट्यात गेलाच. मे १९७३ मध्ये राज्यभरच्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. १९७१ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख होती. म्हणजे तान्ही मुलं, म्हातारी माणसं आणि मुंबईकर धरूनही दर दहा माणसांत एक जण त्या महिन्यात सरकारी मस्टरवर, म्हणजे हजेरीपत्रकावर, होता. पुढचं सगळं या आकड्यातून आलं असं माझं मत आहे. पाच-पन्नास हजारांना काम दिलं तर ते प्रशासनाचं औदार्य ठरतं. ५० लाख लोक महिनोन्‌महिने एकाच मालकाकडे, म्हणजे सरकारकडे, काम करतात तेव्हा ते एकमेकांना भेटतात, दर पडताळतात, मुकादमाला प्रश्न विचारतात. त्याआधी शेतमजुराची संघटना बांधणं फार अवघड असायचं, कारण प्रत्येकाचा मालक वेगळा आणि बहुधा गावातलाच. खडी केंद्रावर, म्हणजे जिथे रस्त्यासाठी दगड फोडायचे तिथे, हजार माणसं एका जागी आयती जमलेली होती.

१९७३ ला पाऊस झाला, कामं बंद झाली. मागणीचं रूप बदललं ते इथे. दुष्काळ संपला तरी कोरडवाहू गावात सुगीनंतर सहा महिने हाताला काम नसतंच. म्हणून मोर्च्यांतली भाषा ‘दुष्काळ आहे, काम द्या’ यावरून ‘काम नेहमीच द्या आणि कायद्याने द्या’ इथपर्यंत गेली. शेतकरी कामगार पक्ष, दोन्ही कम्युनिस्ट पक्ष, लाल निशाण पक्ष, समाजवादी यांनी हे लावून धरलं. तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात शहाद्याच्या श्रमिक संघटनेने भिल्ल शेतमजुरांच्या मजुरीचा आणि जमिनीचा प्रश्न हाती घेतला होताच, त्यात कामाच्या हक्काची भर पडली. १९७४-७५ पासून योजना पुन्हा आणि मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. विधिमंडळाने कायदा केला १९७७ चा, राष्ट्रपतींची संमती आली १९७८ मध्ये आणि अंमल सुरू झाला २६ जानेवारी १९७९ पासून.

१९७७ या सालाकडे नीट पाहा. आणीबाणीनंतरच्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या ४८ पैकी फक्त २० जागा काँग्रेसकडे राहिल्या आणि विधानसभेची निवडणूक फेब्रुवारी १९७८ मध्ये यायची होती. चार वर्षं आदेशांवर चाललेली योजना त्या मधल्या काळात कायदा झाली, हा योगायोग मानायला मी तयार नाही.

म्हणून तुमच्या दोन कथा मला एकमेकींच्या विरोधी वाटत नाहीत. आराखडा पागे यांच्याकडे तयार होता. तो फायलीत पडून राहिला नाही, याचं श्रेय खडी फोडणाऱ्यांना.

---

गॅझेटियर

पाझर यांच्या मांडणीत एक मागचा धागा जोडतो. दुष्काळी कामावरच्या मजुरांनी अटी मागण्याची सुरुवात १९७२ ला झालेली नाही.

१८७६-७७ च्या दुष्काळात हिंदुस्थान सरकारने पाहणीला पाठवलेले अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी कामावरच्या माणसाचा धान्याचा हिशेब दिवसाला १ पौंडावर आणला. मुंबई इलाख्यात जानेवारी १८७७ मध्ये हे लागू झालं तेव्हा मजुरांनी कामं सोडून दिली, दूरच्या छावण्यांवर जायला नकार दिला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून हकीकती गोळा करून सरकारकडे पाठवल्या. पुढे १८८० च्या फॅमिन कमिशननंतर फॅमिन कोड, म्हणजे दुष्काळात सरकारने काय करायचं त्याचे नियम, आले. काम कधी काढायचं, मजुरी कशी ठरवायची, शेतसाऱ्यात सूट-तहकुबी केव्हा द्यायची, हे त्यात लिहिलेलं होतं. पण तो अधिकाऱ्याला दिलेला हुकूम होता, रयतेला दिलेला हक्क नव्हता.

१८९६ च्या दुष्काळात टिळकांनी आणि सार्वजनिक सभेने नेमकं या फटीत बोट घातलं. कोडात काय लिहिलंय ते शेतकऱ्यांना मराठीत सांगितलं, सरकारच्याच नियमाने जे मिळायला हवं ते मागा म्हणून गावोगाव माणसं पाठवली. उत्तरादाखल १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. सरकारचा कागद वाचून दाखवणं एवढ्याच गुन्ह्यासाठी!

फॅमिन कोड आणि १९७७ चा कायदा यांच्यातलं अंतर अभ्यासवर्गाला एका वाक्यात दाखवता येईल. कोडात दुष्काळ जाहीर झाला की काम निघायचं आणि तो जाहीर करायचा अधिकार सरकारचा. कायद्यात मजुराने अर्ज केला की काम निघायला हवं. कळ सरकारच्या हातातून मजुराच्या हातात आली.

---

मोजमाप

मजूर नेमकं काय मागत होते, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. कारण मोर्च्यातली घोषणा एक असते आणि साइटवरची भांडणं वेगळी. बहुतेक भांडणं मोजणीची होती.

हे काम रोजंदारीवर नसे, कामाच्या मापावर असे. दर असा बसवायचा की मध्यम ताकदीच्या माणसाने सात तास नेटाने काम केलं तर त्याला शेतमजुराचं किमान वेतन पडावं. कागदावर ठीक. आता प्रत्यक्षात पाहा.

मातीकामाचं माप ब्रासमध्ये. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, साधारण २.८३ घनमीटर. १० फूट लांब, १० फूट रुंद आणि १ फूट खोल खड्डा खणला की एक ब्रास. टोळीला अशी चौकडी आखून देतात. खणताना मधे मूळ जमिनीच्या उंचीचा मातीचा एक खुंट तसाच राखून ठेवायचा असतो. खोली त्यावरून मोजतात, कारण आजूबाजूची जमीन उंचसखल असली की काठावरून घेतलेलं माप खोटं पडतं. खुंट पावसाने ढासळला, कुणी उडवला, किंवा मोजणीला यायला अभियंत्याने तीन आठवडे लावले आणि खड्ड्यात गाळ बसला, की टोळीच्या हातात पुरावा उरत नाही. १ फुटाच्या जागी ९ इंच लिहिले तर १०० घनफुटांचे ७५ झाले. पाव मजुरी गेली आणि टोळीतल्या प्रत्येकाची गेली.

दुसरी बाब मातीच्या जातीची. मऊ माती, मुरूम, कठीण मुरूम, खडक यांचे दर वेगळे असतात. वरचा एक फूट माती आणि खाली कठीण मुरूम लागला तर खालच्या थराला वरचा दर लावायचा नाही, ही मागणी सतत असे. तिसरी म्हणजे वाहतूक. माती किती अंतरावर आणि किती चढावर नेऊन टाकायची, याला ‘लीड’ आणि ‘लिफ्ट’ म्हणतात आणि त्याचे पैसे वेगळे मोजायचे असतात. पाझर तलावाचा बांध जसजसा वर चढतो तसतशी पाटी वर न्यावी लागते. पाट्या उचलणाऱ्या बहुतेक बायका, त्यामुळे लिफ्ट लावली नाही की त्यांचीच मेहनत फुकट जाई.

म्हणून मागण्यांची यादी अशी दिसते : मोजणी दर आठवड्याला, टोळीसमोर, आणि माप मोठ्याने वाचून. मस्टर साइटवरच ठेवायचं, मुकादमाच्या घरी नाही. पगार आठवड्याच्या बाजाराआधी. सावली, प्यायचं पाणी, लहान मुलांना सांभाळायला एक बाई. काम गावापासून चालत जाण्याच्या अंतरावर. यातलं बरंचसं पुढे योजनेच्या नियमांत शिरलं. पाच किलोमीटरची मर्यादा, पाणी आणि पाळणाघर या गोष्टी वातानुकूलित खोलीत सुचणाऱ्या नाहीत.

बायकांचं वेगळं सांगायला हवं. मापावर मजुरी असल्यामुळे पुरुषाचा दर आणि बाईचा दर असा भेद तिथे उरत नव्हता. बांधावरच्या शेतमजुरीत तो सर्रास होता. रोहयोच्या, म्हणजे रोजगार हमी योजनेच्या, कामांवर बायकांची संख्या निम्म्याच्या आसपास राहिली, काही भागांत त्याहून जास्त. पण टोळी नवराबायकोची असेल तर पैसे बहुधा नवऱ्याच्या हातात पडायचे. ते तेव्हा सुटलेलं नव्हतं.

कोर्टाचाही एक टप्पा इथे बसतो. दुष्काळी काम म्हणजे मदत आहे, तिथे किमान वेतन लागू नाही, असा युक्तिवाद राजस्थानच्या एका प्रकरणात झाला. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि किमान वेतनाहून कमी पैशात करून घेतलेलं काम ही घटनेच्या कलम २३ खाली येणारी वेठबिगारी ठरते असं सांगितलं.

---

कोरडवाहू

वरचं सगळं मान्य, पण एक गोष्ट सुटतेय. पैसा कुणाचा? हक्क लिहिणं सोपं असतं, त्याच्यामागे रोख उभी करणं अवघड.

महाराष्ट्राने १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा केला तो मुख्यतः यासाठी. शहरातल्या पगारदाराकडून, व्यापाऱ्याकडून, डॉक्टर-वकिलाकडून घ्यायचा आणि रोजगार हमीच्या निधीत टाकायचा. शिवाय बागायती जमिनीवर, वाहनांवर, विक्रीकरावर, शहरातल्या निवासेतर मालमत्तेवर छोटे-मोठे अधिभार. असा जितका पैसा जमेल तितकीच रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची. घटनेप्रमाणे व्यवसाय कराची वर्षाची कमाल मर्यादा तेव्हा २५० रुपये होती, १९८८ च्या ६० व्या घटनादुरुस्तीने ती २,५०० झाली. आजही महाराष्ट्रातल्या पगाराच्या चिठ्ठीवर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात. अकरा महिन्यांचे २,२०० अधिक ३००, बरोबर २,५००. अभ्यासवर्गात नोकरदार असतील तर त्यांना आपापली चिठ्ठी आणायला सांगा. बहात्तरच्या दुष्काळाची खूण तिथे सापडते.

आता कायदा एकमताने का झाला? मला हे चित्र नुसतं ‘जनता जिंकली’ असं दिसत नाही. सर्वांचं काही ना काही साधत होतं. बागायतदाराला पाझर तलाव आणि रस्ते हवे होते, आणि तलावाखालच्या विहिरी भरायच्या त्या बहुधा जमीनवाल्यांच्याच. मुंबईला दुष्काळी गावांतून येणारे लोंढे थोपवायचे होते. सत्ताधाऱ्यांना ग्रामीण मतं, डाव्यांना मजुरांचा हक्क. भूमिहीनाच्या वाट्याला तेवढ्या दिवसांची मजुरी आली, तलाव आला नाही. ज्याने खणला त्याच्या शेतात पाणी जात नाही, कारण त्याला शेतच नाही. या योजनेचा सर्वांत खोल दोष माझ्या मते हाच.

आणि एकमत टिकलंही नाही. १९७९-८० मध्ये सुमारे २० कोटी मनुष्यदिवस काम झालं होतं. १९८८ मध्ये किमान वेतन दुपटीवर नेलं तेव्हा रोहयोचा दरही चढला. मजुरी वाढली तर कामावर जास्त माणसं यायला हवीत, पण पुढच्या काळात उपस्थिती घटली. माणसं नको म्हणत होती असं नाही. तेवढी कामंच निघेनाशी झाली. मागणी दाबायची तर अर्ज नाकारावा लागत नाही. जवळचं काम बंद करून लांबचं चालू ठेवलं की पुरतं.

---

वाचनालय_कट्टा

खूपच उपयोगी. व्यवसाय कराचा धागा माहीत नव्हता, तो घेतोच.

तिसरा प्रश्न अजून बाकी आहे. मागणी म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं असतं? कोरडवाहू म्हणतात की अर्ज न नाकारता मागणी दाबता येते. ते कसं?

---

मोजमाप

दोन काळांचं वेगवेगळं सांगतो.

१९७७ च्या कायद्यात : ग्रामीण भागात राहणाऱ्या प्रत्येक प्रौढाला अकुशल अंगमेहनतीच्या कामाचा हक्क. गावात तलाठी किंवा ग्रामसेवकाकडे नाव नोंदवायचं. मग कामाची मागणी करायची आणि सलग किमान ३० दिवस काम करण्याची तयारी लिहून द्यायची. मागणीपासून १५ दिवसांत काम मिळायला हवं. कुठलं काम हे मजुराने निवडायचं नाही, आणि हमी जिल्ह्यापुरती होती, म्हणजे काम लांबचंही निघू शकायचं. नवीन काम काढायला साधारण ५० मजूर लागत. डोंगरी आणि जंगलपट्ट्यात ही अट सैल होती. खर्चात किमान ६० टक्के मजुरी, साहित्यावर ४० टक्क्यांच्या आत. काम न दिल्यास बेकारभत्ता, पण दिवसाला एक-दोन रुपये इतका किरकोळ की त्याची भीती कुणा अधिकाऱ्याला वाटू नये.

५० च्या अटीकडे लक्ष द्या. एकटा माणूस हक्कदार आहे, पण एकट्याच्या अर्जाने काम निघत नाही. म्हणून जिथे संघटना होती तिथे कायदा चालला. शंभर-दीडशे अर्ज एकत्र करायचे, एकाच दिवशी तहसीलला न्यायचे, प्रत्येकाची वेगळी पोच घ्यायची आणि सोळाव्या दिवशी पुन्हा त्याच दारात उभं राहायचं. दुसरी गोष्ट कामांच्या ‘शेल्फ’ची. अंदाजपत्रक आणि तांत्रिक मंजुरी झालेली कामं आधीच तयार असावी लागतात. शेल्फ रिकामं असेल तर तहसीलदाराची कितीही इच्छा असली तरी १५ दिवसांत काम उभं राहत नाही. म्हणून जाणत्या संघटना पावसाळ्यातच शेल्फमध्ये कोणती कामं आहेत ते विचारून ठेवत.

मनरेगात, म्हणजे केंद्राच्या २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यात (त्याच्या जागी डिसेंबर २०२५ मध्ये दुसरा कायदा मंजूर झाला आहे) : कुटुंबाचं जॉब कार्ड, मग नमुना ४ भरून कामाची मागणी, एका वेळी किमान १४ दिवसांची. अर्ज ग्रामपंचायतीत द्यायचा. एकत्र अर्जही चालतो आणि पुढच्या तारखेसाठी आधी देऊन ठेवलेलाही. तारखेची पोच देणं बंधनकारक आहे. १५ दिवसांत काम नाही तर बेकारभत्ता, पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान पाव आणि त्यानंतर किमान निम्मा. काम ५ किलोमीटरपलीकडे असेल तर मजुरीवर १० टक्के जास्त. पाच किंवा अधिक लहान मुलं साइटवर असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरीवर नेमायचं. मजुरी हजेरीपत्रक बंद झाल्यापासून १५ दिवसांत, उशीर झाला तर सोळाव्या दिवसापासून रोज ०.०५ टक्के भरपाई. २,००० रुपये थकले तर दिवसाला १ रुपया, म्हणजे नावापुरतीच.

आता फसतं कुठे ते. माणूस तोंडी सांगतो, ‘काम असलं तर सांगा.’ ग्रामपंचायतीतला रोजगार सेवक मान हलवतो. काम मंजूर होतं महिन्याने. तेव्हा संगणकात मागणीची नोंद होते आणि लगेच दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काम दिल्याची नोंद पडते. कागदोपत्री दोन दिवसांत काम मिळालं, उशीर शून्य, भत्त्याचा प्रश्नच नाही. जी माणसं महिनाभर वाट पाहून ऊसतोडीला निघून गेली त्यांची तर मागणीच कुठे दिसत नाही. तालुक्याच्या अहवालात लिहिलं जातं : मागणी नाही. अर्ज न नाकारता मागणी पुसायची पद्धत ती ही.

उपाय एवढाच : दोन प्रती, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख. ग्रामपंचायतीने पोच नाकारली तर तोच अर्ज कार्यक्रम अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे तहसीलदाराकडे, आवक विभागात द्यायचा आणि आवक क्रमांक टिपायचा. तेही जमलं नाही तर रजिस्टर पोस्टाने पाठवून पोचपावती जपायची. पंधरा दिवसांची मोजणी त्या तारखेपासून सुरू होते. सोळाव्या दिवशी भत्त्याचा वेगळा अर्ज द्या. तो आपोआप मिळत नाही.

---

येरळाकाठ

कोरडवाहू यांनी दाखवलेल्या दोषाला लोकांनीच एक उत्तर काढलं होतं, ते टिपणात यायला हवं.

सांगली जिल्ह्याचा खानापूर तालुका. इथली कितीतरी माणसं मुंबईच्या गिरण्यांत. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि महिन्यामागून महिने चालला तेव्हा ती गावाकडे परतली. इकडे दुष्काळ. ती रोहयोच्या कामांवर गेली. पण युनियनमध्ये वाढलेली माणसं नुसती मजुरी घेऊन गप्प बसली नाहीत. वर्षानुवर्षं खडी फोडायची, ती रस्त्यावर पसरायची, आणि पुढच्या दुष्काळात पुन्हा तीच खडी. यातून दुष्काळ हटतो कुठे, असा त्यांचा प्रश्न होता. भारत पाटणकर आणि त्यांचे सहकारी यांच्या मुक्ती संघर्ष चळवळीने तालुक्यात पाणी, पीक आणि जमीन यांची गावकऱ्यांकडूनच पाहणी करून घेतली आणि मागणी फिरवली : काम द्याच, पण कुठलं काम ते आम्ही सांगू. रस्ते नकोत, पाणी अडवणारी कामं द्या.

त्याच काळात तालुक्यातल्या येरळा नदीची वाळू ठेकेदार उपसून नेत होते. वाळू गेली की नदीपात्रात पाणी धरून राहत नाही आणि काठच्या विहिरी आटतात. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी ठेकेदाराचा उपसा अडवला आणि ठराविक वाळू आपण विकून त्या पैशांतून नदीवर छोटं धरण बांधू अशी परवानगी मागितली. ती लढून मिळवावी लागली. बळीराजा धरण १९८० च्या दशकाच्या अखेरीला उभं राहिलं. त्याच्या पाणीवाटपाचं तत्त्व असं की पाणी जमिनीच्या एकरांवर न देता माणसांवर द्यायचं, आणि भूमिहीनालाही वाटा. ज्याला जमीन नाही तो आपल्या वाट्याच्या पाण्यावर दुसऱ्याची जमीन खंडाने करू शकतो. ज्याने खणला त्याला पाणी नाही, या दुखण्यावरचं इतकं थेट औषध मला दुसरीकडे दिसत नाही.

सरकारनेही यातून काही उचललं. १९९० पासून रोहयोशी निगडित फळबाग योजना आली. स्वतःच्या शेतात खड्डे खणायची मजुरी, कलमं आणि खत यांचा खर्च योजनेतून. आंबा, काजू, बोर, डाळिंब, सीताफळ. त्याने कोरडवाहू शेतकऱ्याचा फायदा झाला यात शंका नाही. पण इथेही जमीन असणाऱ्याचाच. कोरडवाहू यांचा आक्षेप अर्धाच मिटला.

---

पाझर

शेवटचा टप्पा थोडक्यात, म्हणजे टिपण १९९० वर अडकणार नाही.

केंद्राचा ग्रामीण रोजगार हमी कायदा सप्टेंबर २००५ मध्ये आला, २ फेब्रुवारी २००६ पासून २०० जिल्ह्यांत सुरू झाला आणि १ एप्रिल २००८ पासून सगळ्या ग्रामीण जिल्ह्यांत. मागे राजस्थानातल्या मजुरांच्या संघटना आणि अन्नाच्या हक्काची मोहीम होती. १५ दिवसांची मुदत, बेकारभत्ता, पाच किलोमीटर, ६०:४० हे महाराष्ट्राच्या योजनेचंच. दोन फरक मात्र मोठे. आपल्या कायद्यात दिवसांची मर्यादा नव्हती, केंद्राच्या कायद्यात कुटुंबाला वर्षाला १०० दिवस. महाराष्ट्राने आपला कायदा दुरुस्त करून शंभराच्या पुढचा भार स्वतःकडे ठेवला. दुसरा फरक पैशाच्या वाटणीतला. अकुशल मजुरी पूर्ण केंद्राची, पण बेकारभत्ता राज्याचा. काम काढलं तर दिल्लीचा पैसा, नाही काढलं तर आपला. राज्याने काम काढावं म्हणून ही रचना मुद्दाम केलेली होती. मागणीची नोंदच उशिरा करून ती कशी निकामी केली जाते ते मोजमाप यांनी दाखवलंच आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी दुसरा कायदा मंजूर केला. दिवस १०० चे १२५ केले, पण महाराष्ट्रासारख्या राज्यावर खर्चाचा ४० टक्के वाटा टाकला आणि पेरणी-कापणीच्या हंगामात मिळून ६० दिवसांपर्यंत कामं बंद ठेवण्याची तरतूद केली. बागायतदारांची जुनी तक्रार, ‘हंगामात मजूर मिळत नाही’, अशी थेट कायद्यात आली. भूमिहीनासाठी तेच महिने मजुरीचा दर वाढवून मागायचे असतात, कारण दुसरीकडे काम आहे हे मालकाला ठाऊक असतं. अभ्यासवर्गात या कलमावर चर्चा घ्याच. आणि राज्याचा १९७७ चा कायदाही समोर ठेवा. त्याचं कलम ३ लहान आहे, फळ्यावर लिहून काढता येतं.

---

वाचनालय_कट्टा

टिपणाचा क्रम आता असा ठेवतो : १८७७ आणि १८९६, मग विसापूर, मग मे १९७३ चा आकडा, त्यानंतर ब्रासचं गणित प्रत्यक्ष. वाचनालयामागच्या मोकळ्या जागेत १० फूट बाय १० फूट दोरीने आखून मधला खुंट दाखवता येईल. पगाराच्या चिठ्ठ्या आणि नमुना ४ च्या कोऱ्या प्रती त्याच दिवशी वाटतो.

एक शंका राहिली. चौकडी आखताना खुंटाचा घेर किती धरायचा? तो ठरलेला असतो का?

---

मोजमाप

खुंटाचा माथा मूळ जमिनीचा, गवतासकट राहायला हवा, हे महत्त्वाचं. घेर मातीवर अवलंबून. मऊ मातीत तळाशी रुंद आणि वर निमुळता ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी ढासळतो. मुरमात फूटभर पुरतो. जमीन उताराची असेल तर एक पुरत नाही, वरच्या आणि खालच्या बाजूला एकेक राखा आणि दोन्ही उंचींची सरासरी घ्या. खुंटाखालची माती मापातून वजा करायची की नाही, यावर वाद होतो. तेवढं खणलेलं नसतंच, म्हणून ती वजा होते, पण किती ते टोळीसमोर टेप लावून ठरवायचं, डोळ्यांनी नाही.